मंगळवारची मंडळी

टॉडमर्डनच्या चॅपेलमागची खोली.
भाडं तासाला चार पौंड, हीटर हवा तर पाच.
आम्ही पाच जण, म्हणून हीटर बंद.
यंत्रं तापतात, त्यांचीच काय ती ऊब.

ग्लेनिस म्हणते, ऑक्टोबरनंतर जुन्या सिस्टिमला
कोणी वाली उरणार नाही.
सिरिल म्हणतो, मला तरी कोण आहे?
त्याचा लॅपटॉप तपासणीत नापास झालाय,
प्रोसेसर एका पिढीने मागचा.
एकाच पिढीने! तो टेबलावर बोट आपटतो,
सगळं जमत आलेलं असताना
पत्रिकेत मंगळ निघावा तसा.
(हे मी मनात. टॉडमर्डनमध्ये मंगळ
हा नुसता ग्रह आहे.)

मुश्ताकने नवं यंत्र आणलंय.
एका अंगाला काच, आत निळे-जांभळे दिवे,
मखरच जवळजवळ, मूर्ती बसायची बाकी.
रॅम चौसष्ट जीबी.
करणार काय एवढ्याचं? इम्रे विचारतो.
असू दे, मुश्ताक म्हणतो, पाहुणे सांगून येतात का?

इम्रे लिनक्सचा.
एकदा सरकारला कंटाळून त्याने देशच सोडला,
तेव्हापासून ‘परवानगी द्या’ असं लिहिलेल्या बटणाचं
त्याला वावडं आहे.

मी ड्रायव्हरवर बोलतो.
जुना प्रिंटर रुसेल, स्कॅनर मुका होईल.
हे खोटं नाही, पण खरं दुखणं दुसरंच.

घरी जिन्याखाली पिवळा पडलेला एक संगणक आहे.
सत्त्याण्णव साली सांगलीहून
फ्लॉपीवर आणलेला फाँट त्यात,
आणि त्या फाँटात मंडळाचे अकरा वर्षांचे अंक,
संपादक मी.
कुणाची बाळंतपणं, कुणाची भाजणी,
हॉल मिळाला नाही म्हणून पुढे ढकललेली कोजागिरी.
नव्या सिस्टिमवर सगळं उमटतं. ळ उमटत नाही.
ति□गू□ घ्या, गोड बोला.
एक कन्व्हर्टर मिळाला, त्याने ळचा ल केला.
काळचा काल झाला, मूळचं मूल झालं,
कुळकर्ण्यांचे कुलकर्णी झाले.
त्यांचं एक ठीक आहे, त्यांना सवय असते.

तर बोलणं ग्राफिक्स कार्डावर आलं,
मुश्ताकने काहीतरी जोरात पळवून दाखवायला घेतलं
आणि फट्.
दिवे गेले. मखर गेलं.
सिरिलच्या बॅटरीत तीन वर्षं प्राण नाही, त्याचाही गेला.
कुठलातरी पंखा मंदावत मंदावत थांबला.

अंधारात भांडण मात्र चालू.
म्हणून असेल, मी सांगून टाकलं,
ड्रायव्हर नाही, एक अक्षर आहे.
कसलं? ग्लेनिसने विचारलं.
ळ, मी म्हटलं.
ल, ग्लेनिस म्हणाली.
सिरिलचं काहीतरी र आणि ल यांच्या मधे अडकून बसलं.
इम्रे म्हणाला, सोर्स कोड असता तर दुरुस्त झालं असतं.
मग मुश्ताकच्या बाजूने नीट, गोल,
जीभ टाळूला उलटी टेकवून आलेलं: ळ.
आजी बोलायची, तो म्हणाला.
आमच्या पंजाबीत आहे की.
लिहायला अक्षर नाही, एवढंच.

माझ्याकडे अक्षर होतं, यंत्र नव्हतं.
त्याच्याकडे ते मखर, चौसष्ट जीबी.
कुणीच काही बोललं नाही, मीही.

मिसेस ओल्डरॉइड टॉर्च घेऊन आल्या.
फ्यूजबॉक्स त्यांच्या लग्नाच्या आधीचा.
पर्समधून पुठ्ठ्यावर गुंडाळलेली तार काढली,
वीतभर तोडली, स्क्रू पिळला.
दिवे आले.

मुश्ताकच्या पडद्यावर:
अपडेट चालू आहे, चौतीस टक्के,
कृपया यंत्र बंद करू नका.

तारेचे पन्नास पेन्स, मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या,
आणि पुढच्या वेळी एकेक लावा.
सुटे कोणाकडेच नव्हते.